फौजेची देग आणि जपानचं स्वस्त ताट

जपानला निघालेल्या मराठी माणसाच्या सामानात जेवणाची काळजी सगळ्यात आधी भरली जाते. भाजणी, मेतकूट, खाकरे, पाकिटातला उपमा आणि त्यांच्याबरोबर एक पक्की समजूत: तिकडचं खाणं महाग असतं, आणि जे स्वस्त मिळतं ते खरं जपानी नसतं. टोकियोत उतरल्यावर ही समजूत त्याला भारतीय उपाहारगृहाच्या दारात नेते. शेजारच्या गल्लीत कचेरीतून आणि कारखान्यातून सुटलेली माणसं लांबट ओट्याशी बसून त्याहून कमी पैशांत करी-राइस जेवतात आणि दहा मिनिटांत उठून जातात, पण तिकडे आपला प्रवासी फिरकत नाही. समजुतीचा पहिला भाग साध्या हिशेबाने खोडता येतो, कारण जपानच्या साखळी-दुकानांत भातावर मांस घातलेला मोठा वाडगा अजूनही 400 ते 500 येनच्या आसपास, म्हणजे अडीचशे-तीनशे रुपयांत मिळतो. दुसऱ्या भागासाठी मात्र इतिहासात शिरावं लागतं. माझं म्हणणं असं, की करी-राइस हा पदार्थ जपानी झाला तोच मुळी स्वस्त झाल्यामुळे. आज जी चव, जो दाटपणा, जे वाढण्याचं तंत्र आपण जपानी म्हणून ओळखतो, ते सगळं पुष्कळ माणसांना थोड्या पैशांत जेवू घालण्याच्या गरजेतून घडलेलं आहे. तेव्हा परदेशात त्या देशाचं जेवण जेवायचं असेल, तर कामकऱ्याच्या ताटाशी बसणं हा सगळ्यात सरळ रस्ता ठरतो. हे म्हणणं तपासायला टोकियोला जायची गरज नाही. छत्रपती संभाजीनगरात, शहागंजला, त्याचा एक जुना पुरावा रोज शिजतो.

शहागंज ही मुळापासूनच बाजाराची आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची जागा. मलिक अंबरने 1610 च्या सुमारास वसवलेल्या खडकीचं पुढे औरंगाबाद झालं, आणि अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात दख्खनचा सुभेदार असलेल्या सय्यद हुसेन अलीने इथल्या मोठ्या हौदाचं काम सुरू केलं. पुढे इवज खानाने मशीद आणि इमारती वाढवल्या. खाफी खान या इतिहासकाराने हे नोंदवताना आवर्जून लिहिलं आहे, की उन्हाळ्यात पाणी आटलं की शहरातल्या लोकांना या हौदाचा आधार असे. पाणी, मशीद आणि बाजार एका चौकात आले, की तिथे हमाल, शिपाई, गाडीवान, परगावचे व्यापारी येतात आणि त्यांच्यामागून स्वस्त जेवण येतं. आज शहागंजच्या टॉवरभोवती आणि तिथून सिटी चौक, बुढ्ढी लेनकडे जाणाऱ्या रस्त्यांवर मिळणारा नान-खलिया हे तसंच जेवण आहे: तंदूरमधला जाडसर मोठा नान आणि देगेत शिजलेल्या मांसाचा, वर लाल तर्री असलेला पातळ रस्सा. शहर त्याची कुळकथा अशी सांगतं, की 1327 मध्ये मुहम्मद बिन तुघलकाने राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली, तेव्हा वाटेवरच्या फौजेसाठी हा पदार्थ जन्माला आला.

ही कथा अक्षरशः खरी मानता येत नाही. आजच्या खलियाचा रंग आणि तिखटपणा लाल मिरचीचा आहे, आणि मिरची अमेरिकेतून पोर्तुगिजांच्या जहाजांबरोबर भारतात आली ती तुघलकानंतर पावणेदोनशे वर्षांहून जास्त काळ लोटल्यावर. कलिया हा मांसाचा प्रकार अबुल फजलच्या आइन-ए-अकबरीत दरबारी पदार्थांच्या यादीत आहे, म्हणजे नाव जुनं आहे आणि ते शाही भटारखान्यातही वावरलेलं आहे. पण कथेची तारीख चुकली म्हणून तिचा गाभा चुकीचा ठरत नाही. शंभर-दोनशे माणसांचं एकाच देगेत शिजतं. मांस कमी आणि रस्सा जास्त, त्यामुळे एका बकऱ्यात पुष्कळ ताटं होतात. नान आधी भाजून रचून ठेवता येतो, गार झाला तरी रश्शात बुडवून खाता येतो. वाढायला कौशल्य लागत नाही आणि ताटाभोवती फारशी भांडी लागत नाहीत. ही सगळी लक्षणं तळाची आहेत, लष्करी तळाची. दिल्लीची फौज असो की पुढे दख्खनेत वर्षानुवर्षं पडून राहिलेली औरंगजेबाची छावणी असो, चालत्या गर्दीला जेवू घालण्याचं तंत्र या पदार्थाच्या अंगात उतरलं आहे. मिरची आली तेव्हा तिने याच तंत्राला मदत केली, कारण महाग मसाल्यांचं काम ती स्वस्तात करते. म्हणून नान-खलियाला दरबारी पदार्थाची गरीब नक्कल म्हणणं मला पटत नाही. तो दरबारातून निघाला असेल तरी औरंगाबादचा झाला तो देगेत पडल्यावर.

आता जपान. तिथे करी पोचली ती हिंदुस्थानातून सरळ नव्हे, इंग्रजांच्या हातून. 1868 नंतरच्या मेइजी राजवटीत पाश्चात्त्य ते सारं शिकायची लाट होती. बाराशे वर्षांच्या बौद्ध निर्बंधांमुळे मांसाहार चोरटा झालेल्या त्या देशात 1872 मध्ये खुद्द सम्राटाने गोमांस खाल्ल्याचं जाहीर करण्यात आलं, आणि त्याच वर्षी पाश्चात्त्य स्वयंपाकाची दोन पुस्तकं निघाली. त्यांतल्या एकात करीची जी कृती आहे ती आजच्या जपानी माणसालाही ओळखू येणार नाही. कांद्याची पात, आलं, लसूण लोण्यावर परतायचं, मग कोंबडी, कोळंबी, कालवं, समुद्री मासा आणि चक्क तांबडा बेडूक घालायचा, शिजल्यावर करी पावडर, आणि शेवटी पिठाने दाटपणा आणायचा. कांदा, बटाटा, गाजर या आज अटळ मानल्या जाणाऱ्या तिन्ही भाज्यांतली एकही त्यात नाही, कारण त्या तेव्हा तिथे परदेशी आणि दुर्मीळ होत्या. होक्काइदोच्या थंड जमिनीवर त्यांची लागवड वाढली, तसतशा त्या पातेल्यात आल्या. इंग्लंडहून डबाबंद येणारी क्रॉस अँड ब्लॅकवेल कंपनीची पावडर महाग होती. म्हणजे 1872 ची करी ही परदेशी, महाग, हौशी माणसाची चीज होती. ती जपानची नव्हती. करी पावडर सोडली तर तिच्यातली एकच गोष्ट पुढे टिकली, ती म्हणजे पीठ. आणि तिचंही कारण साधं आहे. जपानचा आखूड, चिकट भात पातळ रसाबरोबर नीट कालवला जात नाही, दाट रस मात्र त्यावर थांबतो.

तिला सामान्य माणसाच्या ताटात आणलं ते सैन्याने. इथेही एक लोकप्रिय कथा आहे, आणि तुघलकाच्या कथेसारखीच ती थोडी सैल करून ऐकावी लागते. जपानी आरमाराला बेरीबेरीने पोखरलं होतं. 1882 च्या अखेरीस निघालेल्या र्‍युजो या प्रशिक्षण-जहाजावरच्या 376 माणसांपैकी 169 जणांना हा रोग झाला आणि 25 दगावले. लंडनला शिकून आलेला नौदलाचा वैद्य ताकाकी कानेहिरो याने दोष पांढऱ्या भाताच्या एकसुरी आहारात आहे असं ओळखलं. 1884 मध्ये त्याच मार्गाने गेलेल्या त्सुकुबा जहाजावर आहार बदलला, तेव्हा मोजकेच लोक आजारी पडले आणि बेरीबेरीने एकही मेला नाही. ताकाकीचं कारण चुकलं होतं: त्याला प्रथिनांची उणीव वाटत होती, खरी उणीव थायमिन या जीवनसत्त्वाची होती. उपाय मात्र लागू पडला. ज्या भूसेनेने पांढऱ्या भाताचा हट्ट सोडला नाही, तिचे रशियाबरोबरच्या 1904-05 च्या युद्धात सुमारे 27 हजार सैनिक बेरीबेरीने गेले. ताकाकीने करी आणली, असं म्हणायला आधार नाही. पण मांस, भाज्या आणि गव्हाचं पीठ खलाशाच्या पोटात घालायचं, तेही भाताची सवय न मोडता, हा प्रश्न त्याच्यामुळे उभा राहिला, आणि करी-राइस हे त्या प्रश्नाचं सोयीचं उत्तर ठरलं. 1908 मध्ये नौदलाने छापलेल्या स्वयंपाकाच्या पुस्तकात ती कृती स्पष्ट आहे. चरबीवर पीठ बदामी रंगावर भाजायचं, करी पावडर घालून सारात सैल करायचं, मांस, कांदा, गाजर घालायचं, आणि ते शिजत आले की बटाटा. सोबत लोणच्याच्या जागी चटणी द्यायची, असंही त्यात सांगितलं आहे. बेडूक, कालवं गेली. जहाजाच्या कोठारात टिकणाऱ्या भाज्या आल्या. सैन्याच्या गरजेने पदार्थाला आकार दिला, तो हा असा.

चटणीच्या धाग्यावर जरा थांबायला हवं, कारण इथे मुंबईची वाट येते. 1893 मध्ये जमशेटजी टाटांच्या पुढाकाराने आणि निप्पॉन युसेन कंपनीच्या जहाजांनी मुंबई ते कोबे असा थेट मार्ग सुरू झाला. परदेशी जहाज-कंपन्यांनी कापसाचं भाडं चढवून ठेवलं होतं, ते मोडण्यासाठी. मुंबई बंदरातून जपानच्या गिरण्यांना कापूस जात होता. करीची पावडर मात्र त्याच काळात लंडनचा वळसा घेऊन तिथे पोचत होती. पुढे याच कंपनीच्या प्रवासी जहाजांवर चटणीच्या जागी फुकुजिनझुके हे मुळ्या-वांग्याचं गोडसर जपानी लोणचं करीबरोबर द्यायला सुरुवात झाली, असं सांगितलं जातं. आज टोकियोच्या स्वस्तातल्या स्वस्त दुकानातही ओट्यावर त्याची बरणी असते आणि हवं तेवढं घेता येतं.

सैन्याची भरती सक्तीची होती, आणि पदार्थ पसरला तो त्यामुळे. खेड्यातून आलेल्या ज्या तरुणाने आयुष्यात मांस चाखलं नव्हतं, त्याने ते बराकीत चाखलं, शिजवायला शिकला आणि गावी नेलं. भूसेनेच्या 1910 च्या पाकपुस्तकातही करी-राइस आहे. जपानी आहाराच्या इतिहासकार कातार्झिना च्वियेर्त्का यांनी हेच ठामपणे मांडलं आहे, की प्रांतोप्रांती वेगवेगळं खाणाऱ्या जपानला एक सामाईक चव दिली ती सैन्याच्या मुदपाकखान्याने. या प्रसारातला शेवटचा अडसर पावडरीच्या किमतीचा होता. ओसाकात 1905 मध्ये देशी करी पावडर निघाली होती आणि टोकियोत यामाझाकी मिनेजिरोने 1923 मध्ये आपली बनवली होती, पण स्वयंपाकी इंग्रजी डब्याशिवाय दुसऱ्याला हात लावत नसत. मग 1931 मध्ये भानगड उघडकीला आली: इंग्रजी डब्यांत देशी पावडर भरून विकली जात होती, आणि नाणावलेल्या स्वयंपाक्यांना फरक कळला नव्हता. फसवणूक ती फसवणूकच, पण तिने एक प्रयोग पार पाडला. देशी, स्वस्त माल खऱ्या मालाहून हिणकस आहे ही समजूत चवीवर टिकली नाही. माझ्या प्रतिपादनाला याहून थेट पुरावा मला दुसरा दिसत नाही.

याच काळात एका हिंदी माणसाने जपानची करी दुरुस्त करायचा प्रयत्न केला. व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंगवरच्या 1912 च्या बाँबहल्ल्याच्या कटातले क्रांतिकारक रासबिहारी बोस 1915 मध्ये जपानला निसटले. शिंजुकूच्या नाकामुराया या बेकरीचे मालक सोमा दांपत्य यांनी त्यांना आश्रय दिला आणि पुढे त्यांची मुलगी तोशिको हिचं बोसांशी लग्न झालं. ती 1925 मध्ये वारली. नाकामुरायाने 1927 मध्ये उपाहारगृह काढलं, तेव्हा पिठाने दाट केलेली इंग्रजी वळणाची करी ही आपल्या देशाची करी नव्हे, या आग्रहापोटी बोसांनी हाडांसकट कोंबडीची, अख्ख्या मसाल्यांची करी तिथे आणली. ती गाजली आणि आजही तिथे मिळते. पण किंमत होती 80 सेन (शंभर सेन म्हणजे एक येन), आणि इतरत्र करी-राइस 10-12 सेनला मिळत होता. अस्सलपणाच्या कसोटीवर बोस पूर्ण बरोबर होते. परदेशात राहून मायदेशाची चव जशीच्या तशी मांडण्यामागची त्यांची तळमळ आदर वाटावा अशी आहे. तरीही जपान जेवत राहिला तो 10 सेनचा करी-राइस. ओसाकाच्या हांक्यु डिपार्टमेंट स्टोअरने 1929 मध्ये वरच्या मजल्यावर मोठं भोजनगृह काढून करी-राइस सर्वांच्या आवाक्यात आणला, आणि मंदीत तोही न परवडणारे लोक तिथे 5 सेनचा नुसता भात मागवून टेबलावरचं सॉस त्यावर ओतून खाऊ लागले. कर्मचारी वैतागले, मालक कोबायाशी इचिझो यांनी मात्र नुसता भात मागवणाऱ्या ग्राहकांचं स्वागत आहे, असं जाहीर केलं. आज गरीब असलेली ही माणसं उद्या लग्न करून मुलाबाळांसह इथेच जेवायला येतील, असा त्यांचा विचार होता. जपानी स्वस्त जेवणाच्या इतिहासात मला हा प्रसंग सगळ्यात मोलाचा वाटतो.

युद्धानंतरची गोष्ट वेगाने सांगता येते, कारण दिशा ठरलेली होती. भाजलेलं पीठ, चरबी आणि मसाले एकत्र करून चॉकलेटसारख्या वड्या पाडल्या गेल्या. 1963 च्या हाउस कंपनीच्या वडीत सफरचंद आणि मध घालून तिखट कमी केलं, आणि करी लहान मुलांची झाली. सलाइनच्या पिशव्या निर्जंतुक करायचं तंत्र हाताशी असलेल्या ओत्सुका समूहाने 1968 मध्ये 80 येनला शिजलेल्या करीचं पाकीट बाजारात आणलं, तीन मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवायचं. 1982 मध्ये देशभरच्या शाळांतून एकाच दिवशी दुपारच्या जेवणात करी वाढली गेली. आरमाराच्या आजच्या वारसदार दलात दर शुक्रवारी करी असते. समुद्रावर वाराचं भान राहावं म्हणून, असं ते सांगतात. वाढण्याचं तंत्रही याच ओघात घडलं, आणि परक्या प्रवाशाला सगळ्यात जास्त उपयोग त्याचा होतो. 1923 च्या भूकंपानंतर टोकियोच्या शिरोकिया स्टोअरने गर्दी आवरण्यासाठी पदार्थांच्या प्रतिकृती काचेत मांडून आधी तिकीट विकायला सुरुवात केली. 1932 पासून इवासाकी ताकिझो यांनी ओसाकात मेणाच्या प्रतिकृतींचा धंदा उभा केला. आज दुकानाबाहेर काचेत ताट दिसतं, खाली किंमत असते, आत यंत्रात पैसे टाकून तिकीट घ्यायचं आणि ओट्यावर ठेवायचं. बोलावं लागत नाही, लाजावं लागत नाही, टिप द्यावी लागत नाही. महागड्या उपाहारगृहात परक्याला भाषा, रीतभात आणि ओळख या तिन्हींची गरज पडते. स्वस्त दुकान मुळात अनोळखी, घाईतल्या माणसासाठी रचलेलं असल्यामुळे ते छत्रपती संभाजीनगरहून आलेल्या माणसाला तितकंच सोपं पडतं जितकं उत्तर जपानमधल्या आकिताहून आलेल्या मजुराला.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: करी हिंदुस्थानी, रामेन चिनी, मग यात जपानी काय? खरं जपानी म्हणजे सुशी. पण सुशीचीच कुळकथा पाहा. आपण जी मुठीत दाबलेली सुशी ओळखतो ती एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला एदोच्या, म्हणजे जुन्या टोकियोच्या, रस्त्यांवर ठेल्यांवरून विकली गेली, उभ्याने खाऊन निघून जाणाऱ्या कारागिरांना. तेम्पुराचं तळण सोळाव्या शतकात पोर्तुगिजांकडून आलं, आणि त्यांची जपानकडची वाट गोव्यावरूनच जात होती. फ्रान्सिस झेवियर 1549 मध्ये कागोशिमाला उतरला तो गोव्याहून निघूनच. गोमांसाच्या वाडग्याची योशिनोया साखळी 1899 मध्ये निहोनबाशीच्या मासळीबाजारात, तिथल्या कामगारांसाठी सुरू झाली. सुशी पुन्हा महाग झाली तेव्हा शिराइशी योशिआकी यांनी बिअरच्या कारखान्यातला सरकता पट्टा पाहून 1958 मध्ये ओसाकाजवळ फिरत्या पट्ट्यावरची सुशी आणली आणि ती परत कामगाराच्या आवाक्यात आली. अस्सलपणा उगमाच्या ठिकाणी शोधला तर जगातला एकही रोजचा पदार्थ त्यात बसणार नाही, नान-खलियाही नाही: नान मध्य आशियाकडून आलेला, मिरची अमेरिकेची. पदार्थ कुणाचा, हे तो रोज कोण कुठे जेवतं यावरून ठरवलं तर मात्र उत्तर सरळ मिळतं. अजिंठा-वेरूळसाठी जपानी पाहुणे पिढ्यान्‌पिढ्या या शहरात येतात, तिथल्या संवर्धन आणि पर्यटन प्रकल्पाला जपानने कर्ज दिलं आहे; यातले बहुतेक पाहुणे हॉटेलातलं उत्तर भारतीय जेवण जेवून परततात आणि शहागंजला पोचत नाहीत. त्यांना आपण म्हणू की तुम्ही औरंगाबादी जेवण चाखलंच नाही. मग टोकियोत आपल्यालाही तोच न्याय लागतो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, आणि तो मला पूर्णपणे खोडता येत नाही. हे जेवण स्वस्त आहे ते कुणाच्या जिवावर? योशिनोयाने 2001 मध्ये वाडग्याची किंमत 400 वरून 280 येनवर आणली तेव्हा जपान घसरत्या किमतींच्या गर्तेत होता आणि पगार थिजलेले होते. एकच माणूस रात्रपाळीत अख्खं दुकान सांभाळतो, अशी पद्धत त्या स्पर्धेत रुळली आणि तिच्यावर तिथे रास्त टीका झाली. आज भारतीय प्रवाशाला जपान परवडतो त्यात कमजोर येनचाही वाटा आहे, कारण 2024 मध्ये एका डॉलरला 160 येनच्या पलीकडे दर गेला होता. आपली सोय म्हणजे तिथल्या पगारदाराची ओढाताण, हे मान्य करायला हवं. 2025 मध्ये तांदळाच्या किमती जवळपास दुप्पट झाल्या आणि सरकारला राखीव साठा बाहेर काढावा लागला, तेव्हा ही ओढाताण उघडी पडली. तेईकोकु डेटाबँक ही संस्था घरी केलेल्या करी-राइसच्या एका ताटाचा खर्च महागाईचं माप म्हणून मोजते, आणि त्या वर्षी तो 400 येनच्या वर गेला. पण यातून स्वस्त जेवण टाळावं असा निष्कर्ष निघत नाही. परकीय माणूस महागड्या दुकानात गेला म्हणून रात्रपाळीतल्या कामगाराचा पगार वाढत नाही. उलट देश आपल्या महागाईचं माप या ताटाने घेतो, यावरूनच ते त्याच्या जगण्याच्या किती मध्यावर आहे ते समजतं.

तिसरा आक्षेप शहागंजच्या माणसाचा आणि तो अगदी व्यवहाराचा: हे आम्हाला चालेल का? शाकाहारी माणसाला जपानमध्ये अडचण आहे, यात शंका नाही. करीच्या वडीत बहुधा गाई-डुकराची चरबी किंवा अर्क असतो, नुडलच्या सारात वाळवलेल्या बोनितो माशाचा अर्क असतो. मुसलमान प्रवाशाला डुकराखेरीज मिरिनसारख्या मद्ययुक्त मसाल्याचंही पाहावं लागतं. इथे स्वस्त साखळ्यांनी महाग उपाहारगृहांपेक्षा जास्त केलं आहे, आणि तेही त्यांच्या धंद्याच्या स्वभावामुळेच: ज्यांचं सगळं कारखान्यात मोजून होतं त्यांना घटक छापून देता येतात, बदलता येतात. 1978 मध्ये सुरू झालेली कोको इचिबानया ही करीची साखळी प्राणिज घटक न घातलेली करी ठेवते, तिखटाची पायरी आणि भाताचं वजन ग्राहकाला निवडू देते, आणि 2017 मध्ये तिने टोकियोच्या आकिहाबारात हलाल दुकान काढलं. कडक पथ्य पाळणाऱ्यांनी सामायिक भांड्यांबद्दल विचारून घ्यावं हे बरं. ज्यांना करी नको त्यांना उमेबोशी हे आंबट, खारवलेलं फळ घातलेला ओनिगिरी, म्हणजे भाताचा मुटका, किंवा काकडीची सुशी कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते, तीही घटकांच्या चिठ्ठीसह.

कोको इचिबानयाने 2020 मध्ये गुरुग्रामला दुकान उघडलं, आणि करी दीडशे वर्षांचा फेरा मारून हिंदुस्थानात परतली. चव जपानी, वाढणी जपानी, पण जागा काचेच्या इमारतीतली आणि ग्राहक कंपन्यांमधले अधिकारी. आपल्याकडे हातगाडीवर तीस-चाळीस रुपयांत पोटभर खाणारा कामगार तिथे जाणार नाही, आणि जाण्याचं त्याला कारणही नाही. टोयोटाने 2024 मध्ये छत्रपती संभाजीनगरात कारखान्यासाठी राज्य सरकारशी करार केला आहे. तो उभा राहिला तर इथून जपानला प्रशिक्षणासाठी जाणाऱ्या तरुणांची संख्या वाढेल, आणि पहिल्या आठवड्यात त्यांना कारखान्याच्या भोजनगृहात, तिकिटाच्या यंत्राशेजारी, करी-राइसच भेटण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे.